नवं करून आणलेलं घड्याळ

माझ्या धाकट्या भावाकडे साठेक घड्याळं आहेत आणि घालायला मनगट एकच. तरीही तो कुठे वेळेवर पोचल्याचं मला आठवत नाही. ऑफिसला वेगळं, लग्नाला वेगळं, दाढी केली नसेल त्या दिवशी आणखी वेगळं. त्याचे चार मित्रही तसलेच. भेटले की एकमेकांच्या तोंडाकडे बघायच्या आधी बाह्या वर करतात. हौसेला मोल नसतं म्हणतात, म्हणून मी कधी नावं ठेवली नाहीत. म्हणजे ठेवली, पण हसत हसत.

त्या रविवारी मी त्याच्याकडे गेले ती एक शब्द टाकायला. बाबा दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेत. लकव्याने उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं, आणि माणसं ओळखायची की नाही ते त्यांच्या मर्जीवर. आई कधीच गेली, सगळं मीच करते. मधल्या वेळात शिवणकाम, म्हणजे कुणाची पँट आखूड करून दे, कुणाची चेन बदलून दे. गेल्या महिन्यात माझ्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, महिनाभर काहीही उचलायचं नाही, नाहीतर ऑपरेशन. मी विचारलं, वडील उचलले तर चालतील का? ते हसले नाहीत.

मला तो एक महिना हवा होता. धाकट्याने बाबांना महिनाभर न्यावं, नाहीतर स्वतः येऊन राहावं, एवढंच मागणं. पण माझ्या तोंडून मागणं कधी सरळ निघत नाही. म्हणून मी सोबत बाबांचं घड्याळ नेलं.

हे घड्याळ बाबांच्या हातावर चाळीस वर्षं होतं आणि धाकट्याचा त्याच्यावर लहानपणापासून डोळा. महिन्यातून एकदा भेटायला यायचा, तेव्हाही बाबांची विचारपूस करायच्या आधी घड्याळाला चावी द्यायचा. आता बाबांचं मनगट इतकं बारीक झालंय, की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं आणि त्याची कड टोचायची. शेवटी मीच ते काढून ठेवलं. हातात घेऊन पाहिलं तर डायल पिवळी पडलेली, चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग, काच ओरखड्यांनी आंधळी झालेली. असलं भंगार भावाला कसं द्यायचं? कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे टाकलं. त्याने डायल नव्याने रंगवली, आकडे पुन्हा काढले, बाहेरची धातूची केस घासून चकचकीत केली, काच बदलली. मला तर ते इतकं आवडलं, की बसमध्ये दोनदा डबी उघडून बघितलं.

बाबांपाशी शेजारच्या काकूंना बसवलं होतं आणि त्यांना दुपारी मोकळं करायचं होतं. भावजय कुठेतरी बाहेर गेली होती. धाकट्याने चहा केला, मी डबी त्याच्यापुढे सरकवली.

"बाबांचं?" त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं, झालं आपलं काम.

मग त्याने डबी उघडली. उठून खिडकीपाशी गेला, डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ तिरकं धरून सगळीकडून पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"आमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळजीने. छान झालंय ना?"

"ताई, डायल रंगवलीय याची."

"मग? पिवळी पडली होती."

"तेच तर हवं होतं गं." तो खुर्चीत बसला. "चाळीस वर्षं हातावर राहिलं की येतो तो रंग. विकत मिळत नाही. आणि या कडा बघ, घासून घासून गोल करून टाकल्यात. तो चारपाशी डाग होता ना, मला मांडीवर घेऊन बाबा वेळ शिकवायचे तेव्हा सांगायचे, छोटा काटा डागाला टेकला की आई कामावरून येणार. मी तो काटा बघत बसायचो. तो डागच पुसून टाकलास तू."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या डागाची गोष्ट मला ठाऊकच नव्हती, कारण आई यायच्या वेळी मी स्वयंपाकघरात असायचे.

"मला काय माहीत रे," मी म्हणाले.

"एकदा विचारायचं तरी."

त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी खोलीभर नजर फिरवली. कुठूनतरी बारीक घरघर येत होती. कपाटावर काचेची पेटी होती आणि तिच्यात सहा घड्याळं मऊ उशांना गुंडाळलेली, अगदी सावकाश फिरत होती.

"हे काय नवीन?" विषय बदलावा म्हणून मी विचारलं.

नाक पुसत का होईना, तो सांगायला लागला. घड्याळांबद्दल विचारलं की याला राहवत नाही. "ही हाताच्या हालचालीवर चालणारी. घातली नाहीत तर बंद पडतात, एका जागी राहून आतलं तेल घट्ट होतं. म्हणून हे यंत्र. थोडा वेळ उजवीकडे वळवतं, मग विश्रांती, मग डावीकडे."

"रात्रीसुद्धा?"

"रात्रंदिवस. नुसती वीज लागते त्याला."

मी त्या पेटीकडे बघत राहिले. एकेकाला कसं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. माझं डोकं सणकलं. खरं तर राग कमी आणि थकवाच जास्त होता, पण मला अलीकडे दोन्हींतला फरक कळत नाही.

"बाबांनाही असंच वळवावं लागतं," मी म्हणाले. "दर दोन तासांनी. एकाच कुशीवर राहिले की जखमा होतात. थोडा वेळ उजवी कूस, थोडा वेळ डावी. रात्रीसुद्धा. फक्त त्यांचं यंत्र मी आहे, आणि ते बिघडलंय."

मग सगळंच सांगून टाकलं. कंबर, फोटो, डॉक्टर, महिना. रडले नाही. रडायलाही अंगात जीव लागतो.

"आपण बाई ठेवू," तो म्हणाला. "पैसे मी देतो."

"दोन ठेवून झाल्या. पहिली आठवड्यात पळाली. दुसरी रात्री घोरायची आणि बाबा ओल्यात पडून राहायचे."

"पण माझी नोकरी, ताई..."

"माहीत आहे रे. उठते मी. काकू खोळंबल्या असतील."

जिना मी कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. खालच्या मजल्यावर पोचले तोवर मागून चपला वाजल्या. "थांब, येतो मी. नुसता बघून जातो," तो म्हणाला. तोंड पाडलेलंच होतं. बसमध्ये दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी पोचलो, काकू गेल्या, आणि बाबांना वळवायची वेळ झालीच होती. मी वाकणार एवढ्यात धाकटा म्हणाला, "सांग कसं करायचं ते."

"आधी हातातलं घड्याळ काढ. कातडी कागदासारखी झालीय त्यांची, कड लागली की फाटते."

अंघोळ सोडली तर हा मनगट कधी उघडं ठेवत नाही. जरा घुटमळला, पण काढून खिशात टाकलं. मी सांगत गेले. गुडघा दुमड. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढू नकोस, आपल्याकडे घे. पहिल्यांदा चुकला आणि बाबा कण्हले. दुसऱ्यांदा जमलं. नाजूक वस्तूला हात कसा लावायचा हे त्याच्या बोटांना कळतं, हे मान्य करायला हवं. पाठीवरचा लाल चट्टा दिसला तेव्हा तो तसाच वाकून राहिला.

"बोलली नाहीस कधी."

"तू कधी चादर वर केली नाहीस."

त्याने खिशातून बाबांचं घड्याळ काढलं. येताना ते बरोबर घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाबांच्या डाव्या हातात ठेवलं. त्या रंगवलेल्या डायलकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कानाशी नेलं, डोळे मिटून ऐकलं.

"चालू झालं," ते म्हणाले. मग धाकट्याकडे बघून विचारलं, "मजुरी किती?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मला ते कधी नर्स समजतात, कधी आई.

"राहू द्या," धाकटा म्हणाला. "तुम्ही नेहमीचे गिऱ्हाईक आहात."

बाबांनी मान हलवली आणि घड्याळ मुठीत धरून पडून राहिले. धाकटा नळावर जाऊन तोंड धुऊन आला. "तू जरा आडवी हो," म्हणाला.

"संध्याकाळची औषधं..."

"डब्यांवर लिहिलंय ना? वाचता येतं मला."

मी पलीकडच्या खोलीत कान उघडे ठेवून पडले. याच्याने काही व्हायचं नाही, आता हाक मारेल, हेच डोक्यात. हाक आलीच. "ताई, आता कुठली कूस?" मी म्हणाले, "डावी." त्यानंतरचं मला काही माहीत नाही.

जाग आली ती उन्हाने. कंबर विसरून धडपडत उठले. बाबा उजव्या कुशीवर होते आणि पाठीला उशी नीट टेकवलेली होती. चादर बदललेली होती. धाकटा शेजारच्या खुर्चीत बसला होता, शर्टवर सांडलेल्या दुधाचे डाग, डोळे तांबारलेले. एका रात्रीत तो माझ्यासारखा दिसायला लागला होता.

"किती वाजले रे?"

त्याने सवयीने हात वर केला. मनगटावर नुसता गोरा पट्टा होता. त्या पट्ट्याकडे तो जरा वेळ बघत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "झोप तू. अजून महिना आहे."