हाडातली बुरशी

बाटलीच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा हाडाचा तुकडा… आणि त्याला काहीतरी मळकट पांढरं धरलेलं. डॉक्टरांनी बघायला दिलेली बाटली रखमाजीनं खाटेवरूनच दवाखान्याच्या खिडकीच्या उजेडात धरली. बुरशी! — जन्मभर द्राक्षबागेत भुरीशी, डावणीशी, असल्याच बुरशींशी वैर केलं, आणि ही मेली माझ्याच नडगीत, आत घातलेल्या सळईच्या कडेनं, बिऱ्हाड थाटून बसली. म्हणून हाड जुळत नव्हतं तर.

"मातीतून येते. फार क्वचित. जखमेला काही लावलं होतं का?" डॉक्टरांनी मघा विचारलं होतं.

शेजारी उभी असलेली रखमाजीची बायको, सरूबाई, पांढरीफटक पडली होती. बागेच्या मांडवावरून तो कोसळला, हाड कातडी फाडून बाहेर आलं, तेव्हा वारुळाची माती कालवून तिनंच थापली होती — वारुळाला हळद-कुंकू वाहून, हात जोडून मगच घेतलेली… मुक्या मारावर तिची सासूही तीच लावायची, पण उघड्या हाडावर कुणी कधी लावली नव्हती.

"मीच मागितली व्हती माती," रखमाजी म्हणाला होता.

आता सळई काढायची, हाड खरवडायचं, वर कित्येक महिने गोळ्या, आणि तरी हमी नाही. नाहीतर गुडघ्याखाली पाय काढून मोकळं व्हायचं. संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले.

सांगायचं काय त्यात? त्याचा कायदा अख्ख्या वारूळवाडीला ठाऊक होता — मूळ कुजलं की झाड उपटायचं, बांधावर जाळायचं, मागं वळून बघायचं नाही. सरूबाई म्हणायची, अवं, एक छाटणी तरी थांबा, फुटंल पुन्ना… तो हसण्यावारी न्यायचा. आणि आज तोच कायदा उशाशी येऊन बसला होता, की चल बाबा, आता तुझी पाळी. भीती वाटली त्याला. लई भीती वाटली.

"काय सांगायचं डाक्टरला?" सरूबाईनं विचारलं. "माज्या हातानं घात झाला वो…"

"गप. माती आपली, पायबी आपलाच. खरवडा म्हणावं. पुन्ना आली तर पुन्ना खरवडा. मी काय इतक्यात उपटू देत न्हाई."

ती डोळे पुसत डॉक्टरांकडे गेली. रखमाजी दात आवळून बाटलीकडे बघत राहिला… बांधावर जाळलेली थॉमसन द्राक्षाची झाडं एकेक करून समोर येऊ लागली. थांबलो असतो, तर त्यांतली किती फुटली असती? — एरवी असला प्रश्न त्यानं झटकून टाकला असता. आज त्यानं तो राहू दिला.