मागच्या रांगेतला पंप

मित्रांनो, मी एक जुना विजेचा पंप आहे. लोक मला मोटारच म्हणतात. आता मी एका वाडीच्या विहिरीवर गंजत पडलो आहे, पण तुम्हाला माझ्या भीतीची गोष्ट सांगायची आहे.

कमी विजेत जास्त पाणी उपसावं म्हणून मला घडवलं. आत तांब्याची तार सढळ हातानं गुंडाळली. त्यामुळे मी तापत नसे आणि आवाजही फारसा करत नसे. तेच नडलं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाठोपाठ दुष्काळ आला. मी उदगीरला बसलिंगप्पांच्या दुकानात होतो. आमच्या भागात मोटार कानानं पारखतात. बांधावर घरघर ऐकू आली की माणूस निर्धास्त. गिऱ्हाईक मला चालू करून ऐकायचं आणि तोंड वाकडं करायचं. "वाजत न्हाई. दम न्हाई हिच्यात."

मी मागच्या रांगेत गेलो. तिथून माझे भाऊ भंगारात गेले आणि तांब्यासाठी त्यांची पोटं फाडली गेली. आता माझी पाळी, या विचारानं मी गारठून जायचो. त्यात कंपनीचा माणूस सांगून गेला, "अप्पा, मागणीच नाही. ही मोटार बनवणं आम्ही बंद करतो."

एका दुपारी कोंडाबाई आली. तिच्या वाडीत पिण्याची एकच विहीर उरली होती आणि तिच्यावरची मोटार जळली होती. बसलिंगप्पांनी पुढची मोठ्या आवाजाची मोटार लावली. ती गरजली आणि दुकानातला दिवा पिवळा पडला. तो नेहमीच पडायचा, कुणी वर बघत नसे. कोंडाबाईनं बघितलं.

"अप्पा, वाडीत असंच होतंय. दिवे पिवळे पडले की खांबावरची डीपी जळतीय. मंग लाईट न्हाई, पानी न्हाई. लेकरं काय पितील?"

बसलिंगप्पांनी गरजणारी मोटार बंद केली. ती मोटार सहज खपली असती. मग त्यांनी मला पुढं ओढून चालू केलं. दिवा तसाच राहिला.

"ही न्या. वाजत न्हाई, आधीच सांगून ठेवतो. बंद पडली तर मला येऊन बोला."

मला वाडीच्या विहिरीवर बसवलं आणि वीज आली. पाणी खोल होतं आणि विजेला जोर नव्हता. मी फिरू लागलो. "बंदच हाय की," कुणीतरी म्हणालं. बाया रिकाम्या घागरी धरून उभ्या होत्या. घाबरलेल्या कोंडाबाईनं पाइपावर हात ठेवला.

"गार लागतंय," ती म्हणाली, आणि हौदात पाणी पडलं.

हे कळताच बसलिंगप्पांनी कंपनीला मागणी धाडली. माझ्यासारखे पंप पुढच्या रांगेत मांडले. गिऱ्हाइकाला ते आधी दिव्याकडे बघायला सांगू लागले.

मित्रांनो, कमी वीज खाणारी वस्तू कारखान्यानं बनवावी, दुकानदारानं पुढं मांडावी आणि तुम्ही ती मागावी. कुणी मागितली नाही, तर ती बनायचीच थांबते. लोक पुन्हा आवाजावरच मोटार पारखतील, ही माझी भीती अजून गेलेली नाही. संध्याकाळी वाडीत दिवे लागले की मी आधी बघतो, ते पिवळे तर पडत नाहीत ना?