वस्तरा चालू, तोंड बंद

मोठ्या नातीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि महिन्याभरात त्याच मुलाशी पुन्हा जुळलं, त्या वर्षी रेडिओ बंद पडला. रेडिओ म्हणजे दाढी-कटिंगच्या दुकानातले म्हातारबाबा. वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर आणि तोंड गावभर, अशी त्यांची उभी हयात गेली. आता मात्र फेस लावला की बाबा गप्प. कोणी काही विचारलं, तर वस्तरा हवेतच थांबायचा.

बाबांच्या मुलाला कमालीची काळजी लागली. बापाची नव्हे, दुकानाची.

"बाबा, एकदा डोकं तपासून घेऊ."

"माझंच घेऊ. तुझ्यात काही सापडायचं नाही."

डॉक्टरांनी बाबांना उजव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला टेकवायला लावलं. बोटं छान चालली. फक्त मांडीवर ठेवलेली डावी बोटंही चुळबुळ करू लागली. मग तेच करता करता उलटे आकडे म्हणायला सांगितले, तशी बोटं थबकली.

"आजार काही नाही. तब्येत ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "तरुणपणी एका हाताचं काम बरंचसं मेंदूची एकच बाजू उरकते. वय झालं की दुसरीही हातभार लावायला येते. सगळेच कामाला लागले, मग गप्पा मारायला मोकळं कोण?"

"म्हणजे आमच्या घरापेक्षा माझ्या डोक्यातली माणसं बरी," बाबा म्हणाले.

मुलाची पंचाईत झाली. ठणठणीत बापाला दुकानातून उठवायचं कसं? त्याने परीक्षा ठेवली. आपल्या सासऱ्यांची दाढी न अडखळता झाली, तर खुर्ची बाबांची. नाही तर वस्तरा मुलाच्या हाती. सासरेही नेमके निवडलेले. त्यांना दर वाक्याला होकार लागे, आणि तो मिळाला नाही की अपमान होई.

सासरे ऐटीत खुर्चीवर बसले. "काय व्याहीबुवा, नातीचं लग्न पुन्हा जुळवलं कोणी?"

वस्तरा हनुवटीखाली होता. 'तुम्हीच' एवढंच म्हणायचं होतं. पण हात थांबला असता, आणि मुलगा त्याचीच वाट बघत शेजारी उभा होता. बाबा गप्प.

"मी विचारतोय, कोणी जुळवलं?"

वस्तरा सावकाश कानापर्यंत गेला.

"कानात बोळे घातलेत का? लेक दिली तुमच्या घरात!"

बाबांनी दुसरा गाल घेतला. दाढी तुळतुळीत झाली. सासऱ्यांनी तोंड पुसलं, टॉवेल आपटला आणि तडक निघून गेले.

"एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?" मुलगा कळवळला.

"तुझे सासरे रागावले नसते. रागवायला उरलेच नसते."

खुर्ची बाबांकडे राहिली. गिऱ्हाइकं त्यांच्या गप्प बसण्याला विचारीपणा म्हणू लागली. इतकी वर्षं तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. व्याह्यांनी अबोला धरला आणि दाढी वाढवली. नातीची मुलगी शाळेत जाऊ लागली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात व्याही वारले. बाबा त्याच वर्षी हिवाळ्यात गेले.