ऐंशीवर काढा

तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं होतं. दाबलं की बसायचं, सोडलं की पुन्हा वर यायचं. मास्तर समोर बसून बघत होते. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण म्हणणार कशाने? मोबाइल तर तिच्या हातात होता.

मास्तरांनी उभी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवली. शेजारच्या सीटवर बसून अखंड बोलत राहायचं, हाच त्यांचा धंदा. मागच्या वर्षी घशाच्या कॅन्सरपायी स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते मोबाइलवर टाइप करत आणि मोबाइल ते मोठ्याने वाचून दाखवी. आवाज बाईचा होता. "घरात दोन बायका झाल्या, आणि दोघी मलाच ऐकवतात," हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या बाईकडून वदवून घेतलं होतं. ती हसली होती. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली होती.

दोघं दुरुस्तीच्या दुकानात जाऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसली. काउंटरमागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल कडेने पाहिला.

"दाबू नका ह्याला. बॅटरी फुगलीय. आता चार्जिंगलाही लावू नका."

"बदलता येईल ना?"

"येईल की. आजच देते. रात्रभर चार्जिंगला असतो का?"

प्रश्न मास्तरांना होता. उत्तर तिने दिलं.

"रात्रभर. दिवसासुद्धा. मीच लावते. नव्वदच्या खाली गेला की मला चैन पडत नाही."

"कव्हरसकट?"

"कव्हरसकट. आणि उशीखाली," ती म्हणाली. "रात्री लागला तर त्यांच्या हाताशी असावा म्हणून."

बाईंनी मान हलवली. "बॅटरी वापराने झिजतेच, त्याला इलाज नाही. पण सारखी शंभरवर ठेवली आणि वर गरम होऊ दिली, की लवकर जाते. पार शून्यावरही आणू नका. विसाच्या आसपास आली की लावा, ऐंशीवर काढा. आणि उघड्यावर ठेवा, जरा हवा लागू दे."

"म्हणजे मीच घालवली."

"मुद्दाम थोडीच केलंत? सगळे असंच करतात."

मास्तर रस्त्याकडे बघत राहिले. त्यांचा हात मात्र बाकावर सरकत तिच्या हातापाशी येऊन थांबला.

संध्याकाळी घरी तिने ऐंशीवर वायर काढली. पोळ्या झाल्यावर आली, आकडा पाहिला, आणि तिचा हात पुन्हा वायरीकडे गेला. मास्तरांनी प्लगवर आपला तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने टाइप केलं.

"तू पोहायला शिकवायला कधी जाणार?" मोबाइलमधली बाई म्हणाली.

तलावावरचा बायकांचा सकाळचा वर्ग ती चालवायची. ऑपरेशनपासून तिने पाण्यात पाय घातला नव्हता. तलावाच्या ऑफिसातून फोन येत, ती बघू म्हणे.

"तुम्हाला एकटं टाकून?"

"मी काही पाण्यात पडणार नाही. तू पडणार आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. फाटकापाशी एकदा परत फिरली, मग पुन्हा वळली. वर्गात एक नवीन बाई काठाचा दांडा घट्ट धरून उभी होती. तिचे हात सोडवता सोडवता तास संपला. आपण या तासात घर आठवलंच नाही, हे कपडे बदलताना तिच्या लक्षात आलं.

घराला कुलूप होतं. आपल्या किल्लीने तिने दार उघडलं. मोबाइल टेबलावर होता.

मास्तर नव्हते. तिने बाथरूम पाहिली, गॅलरी पाहिली. रस्त्यात काही झालं तर हा माणूस आपलं नावसुद्धा सांगू शकणार नाही. ओले केस तसेच सोडून ती जिना उतरू लागली, तोच खालून मास्तर कठडा धरत वर येताना दिसले. गळ्याभोवतीचा रुमाल नीट बांधलेला, केस बारीक कापलेले.

"मोबाइल घरी का ठेवलात?" तिचा आवाज चिरकला. "कोणी काही विचारलं असतं म्हणजे?"

त्यांनी वर बोट दाखवलं. घरात येऊन खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आणि सावकाश टाइप केलं.

"न्हावी एकटाच बोलत होता. माझी गरजच पडली नाही."

ती त्यांच्या कॉलरवरचे केस झटकू लागली. झटकता झटकता थांबली. हनुवटी धरून तिने त्यांचं डोकं उजेडाकडे वळवलं.

"या कानावर जरा जास्तच उडवलेत."

मास्तरांनी पुन्हा मोबाइल जवळ ओढला.

"तेवढं सांगता आलं नाही."

ती कात्री घेऊन आली. मास्तर खुर्ची खिडकीशी ओढून मान खाली घालून बसले. ती दुसरी बाजू थोडी थोडी करत सारखी करू लागली.