अर्धी म्हण मामींची

सरांना अर्धांगाचा झटका आला तो सकाळी, दाढी करताना. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातले शब्द गेले होते. उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस. बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. तो आता तहान लागली तरी नुसता पाण्याच्या भांड्याकडे बघत राहायचा.

त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. सरांची भाची लहानपणापासून याच घरात वाढली. ती मामी म्हणायची म्हणून सगळी गल्लीच मामी म्हणू लागली. मामींनी शिवणयंत्र पुढच्या खोलीतून हलवून सरांच्या पलंगाशेजारी आणलं. त्यांना आवाजाचा त्रास होईल, असं लोक म्हणाले. मामी म्हणाल्या, इतकी वर्षं त्यांच्या आवाजाचा मला झाला का?

एके दिवशी त्या सरांना सदरा घालत होत्या. सर मध्येच अंग टाकायचे, त्यामुळे बटणं काही लागेनात. मामी कावल्या. तेवढ्यात सर अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, "स्लो अँड स्टेडी विन्स द रेस."

मामींच्या हातातून बाही सुटली. त्यांनी सरांना पुन्हा बोलायला सांगितलं, निदान हो म्हणा, माझं नाव घ्या म्हणून विनवलं. सरांचे ओठ हलले, पण पुढे काही आलं नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं. रोजचं बोलणं माणूस दर वेळी नव्यानं जुळवतो, ते जुळवणं सरांना जमत नाही. पण जन्मभर घोकलेलं असतं ते अख्खंच्या अख्खं बाहेर पडतं. कुणाच्या तोंडी पाढे राहतात, कुणाच्या नुसत्या शिव्या. सरांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून इंग्रजी म्हणी घोकून घेतल्या होत्या, त्या तेवढ्या राहिल्या.

"म्हणजे नवऱ्याशी बोलायचं तर आता मला इंग्रजी शिकायला हवं," मामी म्हणाल्या. शाळेत इंग्रजीतच गटांगळ्या खाऊन त्या घरी बसल्या होत्या. लग्नानंतर सरांनी त्यांना शिकवायचा घाट घातला होता. पण दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि बेत बारगळला.

भाची आता वेगळी राहायची आणि औषधाच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी घरी जाताना ती थांबू लागली. मामी दिवसभर कानात जपलेली म्हण तिला मोडकीतोडकी म्हणून दाखवायच्या. भाची ती सरळ करायची आणि अर्थ सांगायची. सुरुवातीला घोळ झाले. एकदा सूप पिता पिता सर म्हणाले, "टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ." ब्रॉथ म्हणजे सूप, एवढं शेजारणीनं सांगितलं. झालं, मामींनी ते सूप ओतून दिलं, दुसरं केलं, त्यातही मीठ कमी केलं. संध्याकाळी भाची हसायला लागली; आचारी फार झाले की सूप बिघडतं, अशी ती म्हण होती. त्या दिवशी भेटायला आलेले दीर-जावा आणि शेजारी, जो तो उपचार सांगत होता. मालीश करा, मुळीच करू नका, उशी काढा, उशी घाला. मामांनी नावं ठेवली ती सुपाला नाहीत, पाहुण्यांना.

"अस्सं," मामी म्हणाल्या, "बारभाईंचा कारभार म्हणत होते तर." दुसऱ्या दिवसापासून त्या पाहुण्यांना दारातूनच कटवू लागल्या.

हळूहळू त्या सरावल्या. दूध उतू गेलं आणि सर सांडलेल्या दुधाची म्हण बोलले, तेव्हा तर अर्थ विचारावाही लागला नाही.

मग मामींचा मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवता येईना. परगावी नोकरीला असलेल्या लेकानं तिकडेच ऑपरेशन ठरवलं. मामी तिकडे गेल्या आणि भाची मामांजवळ राहायला आली. दुखणं आल्यापासून मामींनी सरांना असं कधी सोडलं नव्हतं. तिकडे त्या सारखं एकच विचारायच्या, घरी कधी सोडणार?

काळा चष्मा लावून त्या परतल्या तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. मामींना दारात बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि ते म्हणाले, "आउट ऑफ साइट, आउट ऑफ माइंड."

मामींनी भाचीकडे पाहिलं. भाची पलंगावरची चादर सारखी करू लागली. सांग म्हटल्यावर तिनं सांगितलं, "नजरेआड झालेलं माणूस मनातूनही जातं, असा अर्थ आहे, मामी."

मामी पलंगाच्या कडेला बसल्या. सर जोरजोरानं मान हलवत होते, डावा हात मांडीवर आपटत होते. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तीच म्हण बाहेर पडली. त्यांचे डोळे भरून आले.

भाचीला एकाएकी उमगलं. ती मामांच्याच वर्गात शिकली होती. या म्हणीला एक जोडीदारीण होती, अर्थानं अगदी उलट, आणि मामा दोन्ही लागोपाठ घ्यायचे. दूर गेलं की माया वाढते, असं सांगणारी. मामा त्या दाराला हात घालायला गेले आणि शेजारचं दार उघडलं गेलं.

मामींनी ती म्हण भाचीकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. सर अर्धी आपण म्हणून उरलेली पोरांकडून वदवून घ्यायचे, हेही भाचीनं सांगितलं. मग सरांचा आपटणारा हात हातात धरला आणि सर वर्गात म्हणायचे तशी अर्धीच म्हटली.

"ॲबसेन्स मेक्स द हार्ट..."

सर थांबले. ओठ जुळले, सुटले, परत जुळले.

"...ग्रो फाँडर."

"हं," मामी म्हणाल्या. "मलाही तिकडे करमलं नाही."

वाचा-उपचाराच्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी तीच रीत धरली. अर्धं आपण म्हणायचं, उरलेलं सरांनी. आधी इंग्रजी म्हणी, मग मराठी, मग साधी वाक्यं. कधी दिवस चांगला जायचा, कधी सर तोंड फिरवून झोपून घ्यायचे.

एका दुपारी मामी पडद्याची किनार शिवत होत्या. मागून आवाज आला, "अगं, पंखा लाव."

मामींचा मशीनवरचा पाय थांबला. ऐकू नीट आलं होतं, तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

"पंखा."

"कुठला पंखा?" खोलीत एकच होता.

"उकडतंय गं," सर वैतागून म्हणाले.

मामी उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरू लागला. त्यांना वळायला मात्र जरा वेळ लागला.