वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरची उलटी तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरात, धक्क्याच्या कडेला, मला तोंड खाली करून पुरलं आहे. वलंदेजांनी, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या डचांनी, मला इथल्या वखारीसाठी आणलं. मी एकदा खोकले आणि पार तिकडे दूर देवबागेतल्या माडांचे सगळे नारळ एका दमात खाली आले, असं मी सांगते. खरं म्हणजे मी एकही गोळा उडवला नाही. वखार ओस पडल्यावर इथल्या मच्छीमारांनी मला उलटं गाडलं आणि वर राहिलेल्या माझ्या बुडाच्या गोल बोंडाला होड्या बांधल्या. तेव्हा कुठे मी कामाची झाले.

हल्ली समुद्रात क्रूझ थांबते. टोप्या घातलेली माणसं लहान बोटींनी उतरतात. तासाभरात त्यांना सगळा इतिहास उरकायचा असतो. वखारीकडे पाठ करून फोटो काढला, की वखार पाहिली. मग माझ्याकडे येतात आणि तोंड समजून माझ्या बुडाला गाल लावतात. लावू देत.

त्यांचा गाइड विनीत इथलाच. मी सात जहाजं बुडवली असं तो सांगतो. थापा मीही मारते, पण त्यांना चव असते.

गेल्या मोसमात एका पाहुण्या बाईंना फोटोत दोरी नको होती. मला बांधलेली ती दोरी शेवंतीच्या होडीची. नवरा गेल्यावर त्या एका होडीवर तिचं घर चालतं. विनीतने मुकाट गाठ सोडली. बंदरात वाढलेल्या माणसाने, भर ओहोटीत! बाईंचं हसू मनासारखं येईपर्यंत होडी खडकांकडे निघाली होती.

जाळं सांधत बसलेली शेवंती धावत आली. "माझी व्हडी खंय चल्ली रे?"

विनीतने फोटोचं कारण सांगितलं. तिचा दीर धोंडू पोहत गेला आणि खडक हातभर उरला असताना त्याने होडी वळवून आणली. तो मला दोरी बांधणार, तोच शेवंतीने ती विनीतच्या हातात दिली.

"तोफेक दोरी शोभणा नाय मां? मगे तू धर. पावणे जाईसर."

पाहुणे परत जाईपर्यंत विनीत इस्त्रीच्या पँटीत, धक्क्याच्या खालच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. पाहुणे मला सोडून त्याच्याकडे वळले. त्याच बाईंनी त्याला जरा हसायला सांगितलं. त्या दिवशी सर्वांत जास्त फोटो त्याचेच निघाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर नावं कोरू नका, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. मी एवढंच मागते, की बांधलेल्या दोरीला हात लावण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं काय आहे, ते पाहून घ्या.