लाओसच्या भुताचा आवाज

मैथिली डबिंग करते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा स्टुडिओत तिच्याकडे लाओसचा भुताचा सिनेमा आला. त्या देशात मुळात सिनेमे मोजकेच निघतात, आणि हा तर अगदीच कमी पैशांत केलेला. भूत म्हणजे एक साधी मुलगी. ना मेकअप, ना इफेक्ट. मेल्यानंतर ती घरी येते, चुलीपाशी बसलेल्या आईच्या मागे उभी राहते आणि म्हणते, "आई, किती धूर केलायस गं. खिडकी उघड ना."

मैथिलीने वाक्य सहज म्हटलं. रेकॉर्डिस्ट रत्नदीपने ते चित्रावर लावून ऐकवलं, तेव्हा तिने हेडफोन काढून ठेवले. आवाज तिचा स्वतःचा नव्हता, कादंबरीचा होता. तिची धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेलेली.

"परत घेऊ या," ती म्हणाली.

परत घेतलं. रत्नदीप जरा घुटमळला. "ताई, हा टेकही ठीक आहे. पण पहिला खरा वाटतो. कुठला ठेवू?"

तिने दोन्ही टेक पुन्हा ऐकले. मग म्हणाली, "पहिला."

घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. पण तिने डब केलेलं सगळं तिची आई, सुमतीबाई, मोबाईलवर बघायच्या. एका दुपारी मैथिली डोंबिवलीला घरी आली तर आई सिनेमा मध्येच थांबवून बसलेली.

"ही तू आहेस?"

"हो."

"मुद्दाम तसं बोललीस?"

"नाही गं. आपोआप आलं. मी बदलणार होते, पण नाही बदललं."

सुमतीबाईंनी चष्मा काढला. "हॉस्पिटलमध्ये शेवटी कादंबरीच्या तोंडात नळी होती. एक शब्द बोलली नाही. व्हिडिओ आहेत, पण त्यांत ती कॅमेऱ्याशी बोलते. घरात माझ्यावर कशी वैतागायची, ते मला आठवेनासं झालं होतं. हे तुला कसं सांगणार?"

मैथिली शेजारी बसली. "पुन्हा लावू?"

"लाव."

दोघींनी तो प्रसंग पुन्हा पाहिला. मग आणखी एकदा. सुमतीबाई रडायला लागल्या, स्मशानातून परतल्यावरही रडल्या नव्हत्या तशा, मोठ्याने. मैथिलीने त्यांना रडू दिलं.

"आता पुढे जाऊ दे," काही वेळाने त्या म्हणाल्या.

सिनेमाच्या उरलेल्या भागात ती मुलगी पुन्हा आलीच नाही. शेवटी परक्या लिपीतली नावं वर सरकू लागली.

"यात तिचं कुठलं असेल?" सुमतीबाईंनी विचारलं.

"वाचता येत नाही गं."

तरीही नावं संपेपर्यंत त्या बघत राहिल्या.